सहा कप्पे, पाच गोळ्या

अमळनेर तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आहे. वडील, म्हणजे आप्पा, ७२ वर्षांचे. तीस वर्षांपासून त्यांच्या लायसनवर असलेलं .२२ चं जुनं परदेशी रिव्हॉल्व्हर या वर्षी कायदेशीर वारस म्हणून मुलाच्या नावावर झालं. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मिळालं, पण तिथे हाताळलं ते दुसऱ्याच बनावटीचं हत्यार. रिव्हॉल्व्हर रुगर सिंगल-सिक्स आहे, बाजूला तीन स्क्रू दिसतात. सोबत एक जादा सिलिंडर (गोळ्या भरायचं सहा कप्प्यांचं फिरतं चाक) आहे, त्यावर मॅग्नम असं कोरलंय. शिवाय डब्यात दहा-बारा वर्षांपूर्वीच्या गोळ्या आहेत. पत्रलेखक विचारतात: "आप्पा सहाच्या सहा भरून घोडा पहिल्या खटक्यावर ठेवायचे, म्हणायचे, एवढ्यावर सेफ असतं. ते बरोबर का? गोळ्या मधूनच वाजत नाहीत, पुंगळ्या अडकतात, आणि रेंजवर सगळे बार डावीकडे जातात. जादा सिलिंडर वापरू का? आणि रोही (नीलगाई) वावरात शिरतात, तर हवेत बार काढला तर चालेल का?"

राम राम भाऊ.

आधी खटक्याचं बोलू, कारण बाकी सगळं चुकलं तरी निस्तरता येतं. आप्पांची सवय मोडावी लागेल. तीन स्क्रू दिसतात म्हणजे तुमचं रिव्हॉल्व्हर १९५३ ते १९७२ या काळातलं जुन्या घडणीचं आहे. १९७३ पासून कंपनीने आतली रचना बदलली. घोडा (अंगठ्याने मागे ओढायचा ठोका) आणि फायरिंग पिन (गोळीवर आदळणारी सुई) यांच्यामध्ये एक पट्टी आली, आणि चाप पूर्ण दाबल्याशिवाय ती पट्टी वर येत नाही. त्या नव्या रिव्हॉल्व्हरच्या फ्रेमवर स्क्रूऐवजी दोन पिना दिसतात आणि त्यात सहा गोळ्या भरता येतात. तुमच्यात ती पट्टी नाही. घोडा खाली असला की त्याचा भार थेट फायरिंग पिनवर, आणि पिनच्या पुढे गोळीचा काठ. रिव्हॉल्व्हर कमरेवरून सुटून घोड्यावर पडलं किंवा घोड्यावर काही आदळलं, की बार होतो. चाप कोणी दाबावाच लागत नाही.

मग पहिला खटका कशाला दिलाय? तो आहे खरा, आणि त्याला सेफ्टी म्हणायची पद्धतही होती. पण तो म्हणजे घोड्याच्या बुडाशी कापलेली एक बारीकशी खाच, त्यात चापाचं टोक अडकतं. पडल्याचा सगळा दणका त्या टोकावर येतो. टोक तुटलं किंवा खाचेचा काठ उडाला की घोडा खाली. पन्नास-साठ वर्षं वापरलेल्या पोलादाच्या त्या काठावर सहावी गोळी टांगून ठेवण्यात शहाणपण नाही. आप्पांच्या हातून इतक्या वर्षांत काही झालं नाही, कारण रिव्हॉल्व्हर एकदाही पडलं नाही, एवढंच. त्यांना सांगताना "तुम्ही चुकत होता" म्हणू नका. "कंपनीनेच नंतर बदल केला" म्हणा, खरंही तेच आहे. असल्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये कंपनी नवी पट्टी बसवून देते, पण त्यासाठी हत्यार अमेरिकेत पाठवावं लागतं. इथून ते जमणारं नाही. तुमचं रिव्हॉल्व्हर कायमचं पाच गोळ्यांचं, असंच धरून चला.

भरायची पद्धत अशी. नळी जमिनीकडे आणि माणसांपासून दूर. घोडा उतरवायची वेळ येईपर्यंत चापाच्या आसपास बोट नाही. घोडा दुसऱ्या खटक्यापर्यंत ओढा, सिलिंडर मोकळं फिरायला लागेल. उजव्या बाजूचं छोटं दार उघडा. एक गोळी भरा, पुढचा कप्पा रिकामा सोडा, मग सलग चार भरा. दार बंद करा. आता घोडा पूर्ण मागे ओढा, अंगठ्याने घट्ट धरा आणि मगच चाप दाबून हळू खाली उतरवा. तो बरोबर रिकाम्या कप्प्यावर येतो. एक, सोडा, चार: एवढाच हिशोब आहे, तोंडाने म्हणत भरा.

या हिशोबात दोन ठिकाणी लोक हमखास चुकतात. पहिली चूक म्हणजे दुसऱ्या खटक्यावरूनच घोडा खाली सोडणं. तसं केलं तर सिलिंडर नीट कुलपात बसलेलं नसतं, कोणता कप्पा समोर आला ते कळत नाही, आणि सिलिंडरवर गोल ओरखडाही पडतो. घोडा आधी पूर्ण मागे गेलाच पाहिजे. दुसरी चूक, उतरवताना मध्येच चाप सोडणं. जुन्या घडणीत घोडा अगदी खाली टेकेपर्यंत चाप दाबलेलाच ठेवायचा, नाहीतर चापाचं टोक मधल्या खाचांवर घासून झिजतं. नव्या रिव्हॉल्व्हरला याच्या उलट शिकवतात, म्हणून ट्रेनिंगमधलं इथे जसंच्या तसं लावू नका. तुमच्या सिलिंडरमध्ये पुंगळीचा काठ खोबणीत आत बसतो, त्यामुळे बाजूने पाहून कुठला कप्पा भरलाय ते ओळखता येत नाही. भरवसा मोजण्यावरच. आधी वापरलेल्या पुंगळ्या घेऊन हाच क्रम वीस वेळा करा. प्रत्येक वेळी शेवटी सिलिंडर काढून घोड्याखाली कोणता कप्पा होता ते तपासा. वीसपैकी एकदाही चुकलात तर पुन्हा वीस.

रेंजवर घोडा ओढला आणि बार करायचा नाही असं ठरलं, तर नळी निशाणाच्या दिशेला ठेवून घोडा उतरवा. मात्र आता तो जिवंत गोळीवर टेकलाय हे विसरू नका. लगेच दुसऱ्या खटक्यावर घ्या, दार उघडा, गोळ्या काढा आणि पुन्हा एक-सोडा-चार. रिकामं करताना नळी वर. एकेक कप्पा दारासमोर आणून नळीखालचा दांडा मागे ढकलला की पुंगळी बाहेर पडते. सहाही कप्पे फिरवून बघायचे, "पाचच भरल्या होत्या" म्हणून पाचावर थांबायचं नाही.

आता न वाजणाऱ्या गोळ्या. .२२ च्या काडतुसात पेटणारा मसाला मधोमध नसतो, तो पेंद्याच्या काठात आत फिरवलेला असतो. फायरिंग पिन त्या काठाला कप्प्याच्या कडेवर चेचते आणि मसाला पेटतो. कारखान्यात तो काठभर सारखा पसरला नाही तर एखादी जागा कोरी राहते. म्हणून या जातीच्या गोळ्या मोठ्या काडतुसांपेक्षा जास्त वेळा दगा देतात.

टिच आवाज आला आणि बार झाला नाही, तर नळी निशाणाकडे तशीच धरून तीस सेकंद थांबा. घाईने पुढच्या बारासाठी घोडा ओढायचा नाही. सिंगल-अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे दर बाराला अंगठ्याने घोडा ओढावा लागतो अशा रिव्हॉल्व्हरमध्ये, घोडा ओढला की सिलिंडर फिरतं. गोळी उशिरा पेटणारी निघाली, तर ती नळीसमोरून सरकलेल्या कप्प्यात फुटेल. पुढे नळी नाही, फ्रेमचं लोखंड आहे. तीस सेकंदांनी ती काढा आणि काठावरचा ठसा बघा.

ठसा खोल आहे आणि तरी वाजली नाही, तर दोष गोळीचा. ती थोडी फिरवून कोऱ्या काठावर एकदाच पुन्हा मारून बघा, नाहीच वाजली तर बाजूला ठेवा. ठसा उथळ असेल तर घोडा जोरात पडत नाही. बहुतेक वेळा कारण एकच, जुनं तेल आत चिकट होऊन बसलंय. खानदेशात अर्ध्या घरांत हत्याराला खोबरेल लावतात. हिवाळ्यात ते गोठतं, उन्हाळ्यात धूळ धरतं, आणि दोन वर्षांत त्याचा डिंक होतो. पहिला ठोका वाया जातो आणि त्याच जागी दुसरा मारल्यावर वाजतं, असं होत असेल तर गोळी कप्प्यात पूर्ण टेकत नाही. पहिल्या ठोक्याने ती नुसती पुढे सरकते. आणि मार्करने कप्प्यांना १ ते ६ आकडे घाला. न वाजणाऱ्या गोळ्या एकाच आकड्यावर येत असतील, तर त्या कप्प्याच्या कडेला खड्डा किंवा वर उठलेली धार आहे.

तो खड्डा बहुधा आपणच पाडलेला असतो. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा नुसता टिकटिक वाजवत बसलं, की या जातीच्या हत्यारात पिन कप्प्याच्या कडेवर आदळू शकते. कड चेपून आत येते, मग गोळी सहज बसत नाही आणि पुंगळी सहज निघत नाही. जुन्या रिव्हॉल्व्हरला ही मौज परवडत नाही. सराव करायचा तर वापरलेल्या पुंगळ्या घाला आणि ठसा पडलेली जागा पिनखालून फिरवून घ्या.

टिच पेक्षा वाईट आवाज म्हणजे फुस्स. बार झाला पण दणका नाही, हाताला धक्का नाही, निशाणावर भोक नाही. दारू कमी जळाली आणि शिसं नळीत अडकलं असणार. तिथेच थांबा. गोळ्या काढा, सिलिंडर काढा आणि मागच्या बाजूने उजेडाकडे धरून नळीतून बघा. अडकलेल्या गोळीवर दुसरी मारली की नळी फुगते, आणि मग ती नळी भंगारात जाते. दोन थेंब तेल सोडून पितळी दांड्याने आणि हलक्या लाकडी हातोडीने ते शिसं ढकलता येतं. निघालं नाही तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे. लोहाराकडे नव्हे, कारण बिनपरवाना माणसाने शस्त्र दुरुस्त करणं हाच गुन्हा आहे.

डब्यातल्या जुन्या गोळ्या निवडून घ्या. हिरवट गंज चढलेल्या, पुंगळीत शिसं हलणाऱ्या किंवा चेपलेल्या डीलरकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करा. विहिरीत टाकणं, चुलीत टाकणं, पोराबाळांना खेळायला देणं, हे सगळे प्रकार होतात म्हणून लिहितोय. चांगल्या दिसतात त्या रेंजवर सावकाश वापरून संपवा. .२२ च्या शिशावर बाहेरून मेण किंवा वंगण असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा मोटारसायकलच्या डिकीत किंवा जीपच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या डब्यात ते मऊ होऊन ओघळतं आणि त्यावर काळ्या मातीची धूळ बसते. ती धूळ कप्प्यात जाते. तुमच्या अडकणाऱ्या पुंगळ्यांचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं साफसफाईत. घोडा दुसऱ्या खटक्यावर, दार उघडं, सहाही कप्पे रिकामे पाहून घ्या. फ्रेमच्या पुढच्या भागातलं बटण दाबून सिलिंडरच्या मधला लांब पिन पुढे ओढा, सिलिंडर उजवीकडून बाहेर येतं. प्रत्येक कप्प्यात पितळी किंवा ब्राँझचा ब्रश सॉल्व्हंट लावून दहा-बारा वेळा फिरवा. सॉल्व्हंट नसेल तर रॉकेल चालतं, पण नंतर कोरडं पुसून घ्या. लोखंडी ब्रश नको. काठ बसायची खोबण टूथपिकने खरवडा, तिथे साठलेली काजळी हेच गोळी पूर्ण न टेकण्याचं नेहमीचं कारण. नळी पुढून साफ करावी लागते, तेव्हा दांडा नळीच्या तोंडाच्या कडेला घासू देऊ नका, ती कड झिजली की नेम जातो. मधल्या पिनवर ग्रीसचा पातळ हात, आतल्या कामाला शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब, बस्स. कप्पे मात्र कोरडे. तेल राहिलं तर ते काडतुसाच्या मसाल्यापर्यंत झिरपू शकतं, आणि न वाजणाऱ्या गोळ्यांत भर पडते. पन्नास-शंभर गोळ्यांनंतर सिलिंडर जड फिरू लागतं, ते त्या मधल्या पिनवरच्या काजळीने. रेंजवरच पिन काढून पुसली की पुन्हा मोकळं.

साफ करून झाल्यावर आणखी एक तपासणी करा. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा अगदी हळू ओढा. घोडा मागे अडकायच्या आत किंवा त्याच क्षणी सिलिंडर कुलपात बसलं पाहिजे. बसलं नाही तर कप्पा आणि नळी एका रेषेत येत नाहीत आणि शिशाचे कण बाजूच्या फटीतून उडतात. शेजारी उभ्या माणसाला चटका बसतोय, ही त्याची खूण. सिलिंडर आणि नळी यांच्यात साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर फट असणारच, तिथून प्रत्येक बाराला गरम वायू निघतो. म्हणून आधाराचा हात कधीही सिलिंडरच्या पुढे न्यायचा नाही. डोळ्यांना चष्मा आणि कानांना बोळे, .२२ असलं तरी.

जादा सिलिंडरचं थोडक्यात. .२२ मॅग्नमची पुंगळी लाँग रायफलपेक्षा, म्हणजे .२२ च्या नेहमीच्या काडतुसापेक्षा, लांबही आहे आणि जाडही. लाँग रायफलच्या कप्प्यात ती जाणार नाही, पण लाँग रायफलची गोळी मॅग्नमच्या कप्प्यात आरामात जाते. तिथेच घात होतो. पुंगळी सैल बसते, फुटते आणि वायू मागे येतो. दोन्ही सिलिंडर वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, पिशवीवर नाव लिहा. ते जादा सिलिंडर याच रिव्हॉल्व्हरला जुळवलेलं आहे का, हे वरच्या तपासणीने पाहून घ्या, आणि लायसनमध्ये त्या काडतुसाची नोंद असल्याशिवाय मॅग्नम विकत घेऊ नका. आणखी एक घोळ आकड्यांचा. .२२ म्हणजे ५.६ मिलिमीटर. म्हणून कोणी तरी सांगतो की फौजेचं ५.५६ पण बसतं, वरणगावला फॅक्टरी आहेच. वरणगावच्या आयुध निर्माणीत लष्कराची काडतुसं बनतात, ती मधोमध ठोका घेणारी रायफलची काडतुसं. तुमच्याशी त्यांचा संबंध नाही, आणि एखादं जवळ सापडलं तर वेगळाच गुन्हा.

रोहींसाठी हवेत बार: नाही. वर गेलेली गोळी खाली येतेच. .२२ चं शिसं तिरपं सुटलं तर दीड किलोमीटरच्या पुढेही जातं, दगडावर किंवा पाटाच्या पाण्यावर आपटलं तर कुठेही वळतं. केळीच्या बागेत पलीकडे मजूर आहेत की नाही हे दिसतसुद्धा नाही. रोहीवर नेम धरायचा विचार असेल तर तोही सोडा. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालचा गुन्हा आहे. शिवाय एवढ्याशा गोळीने रोही मरत नाही, जखमी होऊन आठ दिवस कुठल्या तरी नाल्यात पडून राहतो. सौर कुंपणाची झटका तार या पैशात आणि या डोकेदुखीत परवडते.

तुम्ही विचारलं नाही, पण आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) लग्नं लागतील आणि हळदीला कोणीतरी "भाऊ, एक काढा" म्हणेलच. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून आनंदाच्या बारालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. त्याच दुरुस्तीने लायसनची मुदत पाच वर्षं झाली आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं. आप्पांची बारा बोअरही तुमच्याकडे येणार असेल तर हा आकडा लक्षात ठेवा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी कलेक्टर कचेरीत द्या. लायसनवर हद्द काय लिहिलीय तेही बघा. बऱ्हाणपूर, सेंधवा आपल्याला घरच्यासारखं, पण ते मध्य प्रदेश आहे. नवापूरच्या पुढे गुजरात. हद्द महाराष्ट्राची असेल तर सोयरिकीला जाताना रिव्हॉल्व्हर घरी कुलपात. घरी ठेवताना हत्यार आणि गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवा, आणि चामड्याच्या म्यानात कायम ठेवू नका. पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि एका चातुर्मासात नळीवर गंजाचे ठिपके येतात.

राहिले डावीकडचे बार. हात लावायच्या आधी दोष कोणाचा ते ठरवा. दहा मीटरवर टेबल, त्यावर वाळूची पिशवी, मनगटं पिशवीवर. पाच गोळ्या एकाच बिंदूवर, असे चार वेळा. गोळ्या पसरलेल्या पण डावीकडे असतील तर दोष बोटाचा. उजव्या हाताच्या माणसाने चापावर बोटाचं नुसतं टोक ठेवलं की चाप सरळ मागे न येता हत्यार डावीकडे ढकललं जातं. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला मऊ भाग चापावर आणा, आणि घोडा ओढल्यावर प्रत्येक वेळी मूठ नव्याने तशीच धरा. या जातीची मूठ अंगठ्याने घोडा ओढताना हातात फिरते, ते लोकांच्या लक्षात येत नाही.

पिशवीवरून मारूनही पाचही गोळ्या एकत्र आणि डावीकडेच बसत असतील, तर मागची साइट (नेम धरायची खाच) सरकवायची. गोळी जिकडे न्यायची तिकडेच मागची साइट. किती, तर गोळीची चूक गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले निशाणाचं अंतर. समजा दोन साइटमध्ये १८ सेंटिमीटर, निशाण १५ मीटरवर आणि गोळ्या १० सेंटिमीटर डावीकडे. १० गुणिले १८ म्हणजे १८०, भागिले १५००, म्हणजे ०.१२ सेंटिमीटर. सव्वा मिलिमीटरही नाही. आधी पेन्सिलने खूण करा, मग पितळी ठोकणीने डावीकडून उजवीकडे अगदी हलकं ठोका आणि पुन्हा पाच मारून बघा. पुढची पाती, म्हणजे पुढची साइट, कानशीने घासायची वेळ गोळ्या खाली बसत असतील तरच येते, आणि घासलेलं लोखंड परत येत नाही, तेव्हा नेहमीच्या एकाच कंपनीच्या किमान पन्नास गोळ्या मारल्याशिवाय कानस हातात घेऊ नका.